एक्सएमएलवरून पीडीएफ काढायला वेळ लागतोय? सुरुवात घड्याळापासून करा

गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करण्याचं काम ज्यांनी नव्यानं हाती घेतलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुस्तिका एकच, पण ती इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत काढायची असते. मजकूर एक्सएमएलमध्ये असतो, आणि बटण दाबल्यावर पीडीएफ यायला अर्धा तास लागतो. एक वेलांटी सुधारली की पुन्हा अर्धा तास. चवथीच्या सुट्टीआधी यंत्र ग्राहकाकडे जायचं असेल, तर हा अर्धा तास फार महाग पडतो.

उदाहरणं डिटा ओपन टूलकिट आणि अपॅची एफओपी या मोफत मिळणाऱ्या जोडीची घेतली आहेत. डिटा ही पुस्तिका लहान लहान एक्सएमएल फाइलींत लिहायची पद्धत. टूलकिट त्या फाइली जोडून त्यांचं रूपांतर करतं, आणि एफओपी हा फॉर्मॅटर पानं लावून पीडीएफ काढतो. तुमच्याकडे डॉकबुक ही दुसरी पद्धत असेल किंवा विकतचा फॉर्मॅटर असेल, तरी दुखणी बहुतेक हीच असतात. आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची.

आधी समजून घ्या: वेळ जाऊ शकतो अशा चार जागा

पहिली जागा पूर्वतयारीची. टूलकिट तुमचा मॅप (कोणते टॉपिक, म्हणजे मजकुराचे तुकडे, कोणत्या क्रमानं घ्यायचे त्याची यादी) वाचतं, डिटाव्हॅल या गाळणीच्या फाइलीप्रमाणे नको असलेला मजकूर गाळतं आणि कॉनरेफ, कीरेफ, म्हणजे दुसरीकडून उचललेला मजकूर आणि नावानं दिलेले संदर्भ, सोडवतं. दुसरी जागा जोडणीची, सगळे टॉपिक मिळून एक मोठी फाइल होते तिथली. तिसऱ्या जागी एक्सएसएलटी ही रूपांतराची भाषा त्या फाइलचं रूपांतर एक्सएसएल-एफओमध्ये करतं. हेही एक एक्सएमएलच, पण यात पानाची भाषा असते: हा परिच्छेद, एवढा समास, हा फाँट, इथे पान तोडू नको. चौथ्या जागी फॉर्मॅटर प्रत्यक्ष ओळी लावतो, पानं पाडतो, चित्रं आणि फाँट बसवतो आणि पीडीएफ लिहितो.

या चारांपैकी कुठे वेळ जातोय हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. नवीन माणसं हमखास मेमरी वाढवण्यापासून सुरुवात करतात. कधी तिचा उपयोग होतो, बऱ्याचदा होत नाही, आणि मग दोन दिवस अंदाजात जातात.

पायरी १: वेळ मोजा

मोजायला वेगळं साधन लागत नाही. बिल्ड, म्हणजे पीडीएफ काढायची पूर्ण प्रक्रिया, चालवताना क्लीन डॉट टेम्प हा पॅरामीटर ‘नो’ ठेवा, म्हणजे तात्पुरता फोल्डर शेवटी पुसला जाणार नाही. बिल्ड कधी सुरू केलं ती वेळ लिहून ठेवा. ते संपलं की तात्पुरता फोल्डर उघडा आणि फाइली वेळेप्रमाणे लावा. नावात ‘मर्ज्ड’ असलेली एक्सएमएल फाइल आणि टॉपिक डॉट एफओ अशा दोन फाइली दिसतील. त्यांच्या वेळा टिपा, शेवटी पीडीएफची वेळ टिपा.

समजा, सहाशे पानांच्या पुस्तिकेचं बिल्ड ११:०२ ला सुरू केलं. मर्ज्ड फाइल ११:०५ ची, टॉपिक डॉट एफओ ११:०९ ची आणि पीडीएफ ११:३४ ची निघाली. म्हणजे तयारी आणि जोडणीला ३ मिनिटं, एक्सएसएलटीला ४ आणि फॉर्मॅटरला २५. इथे एक्सएसएलटी दुप्पट वेगानं चालवलं तरी ३२ मिनिटांतली फक्त २ वाचतात. फॉर्मॅटरकडेच जायचं.

हा फोल्डर राखून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. टॉपिक डॉट एफओ हाताशी असेल तर एफओपी एकटा चालवून पाहता येतो. फाँट किंवा चित्रांचे प्रयोग करताना दर खेपेला पहिली सात मिनिटं पुन्हा घालवावी लागत नाहीत. पावसाळ्यात दुपारी वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, तरी टॉपिक डॉट एफओ तयार झालेली असेल तर तिथूनच पुढे जाता येतं.

दोन नियम पाळा. एका वेळी एकच बदल करायचा. आणि प्रत्येक बदलानंतर दोनदा चालवून दुसरी वेळ धरायची, कारण पहिल्या खेपेला डिस्कवरून सगळं नव्यानं वाचलं जातं आणि आकडा फुगतो.

पायरी २: फोल्डर कुठे आहे ते बघा

हे पाच मिनिटांचं काम आहे. तात्पुरता फोल्डर ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये असेल, तर तो तिथून काढून स्वतःच्या मशीनच्या एसएसडीवर आणा. टूलकिट हजारो बारक्या फाइली लिहितं, वाचतं, पुन्हा लिहितं. प्रत्येक वेळी नेटवर्कचा फेरा पडला की तयारीची तीन मिनिटं वीस होतात.

अँटिव्हायरसचंही तसंच. तो प्रत्येक नवी फाइल उघडून तपासतो. फक्त या एका फोल्डरला तपासणीतून सूट द्या, असं आयटीवाल्यांना सांगा. अँटिव्हायरस सरसकट बंद करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. आणि लॅपटॉप बॅटरीवर असताना घेतलेली मोजणी धरू नका. वीज वाचवण्यासाठी तो प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवतो.

पायरी ३: डीटीडीसाठी बाहेर जाऊ देऊ नका

एक्सएमएल फाइलच्या डोक्यावर डीटीडीचा, म्हणजे कोणते टॅग कुठे चालतात त्या नियमांच्या फाइलीचा, पत्ता असतो. तो इंटरनेटवरचा असेल आणि तुमच्याकडे कॅटलॉग नसेल, तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) प्रत्येक फाइलसाठी बाहेर जाऊन डीटीडी आणू पाहतो. २००८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जाहीर केलं होतं की अशा डीटीडीसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. अशा सर्व्हरकडून लगेच उत्तर मिळेल या भरवशावर राहू नये.

ओळखायचं कसं? नेट काढून बिल्ड चालवा. ते अडलं किंवा चुका देऊ लागलं, तर कुठेतरी बाहेर जाणं चालू आहे. उपाय म्हणजे एक्सएमएल कॅटलॉग, म्हणजे ‘हा पत्ता दिसला की ही स्थानिक फाइल घे’ अशी यादी. डिटा टूलकिटमध्ये नेहमीच्या डीटीडींचा कॅटलॉग आधीच असतो. अडचण येते ती कंपनीनं स्वतः बनवलेल्या डीटीडींची; त्या प्लगइन म्हणून बसवाव्या लागतात. डॉकबुकवाले एक्सएसएलटीप्रॉक हा एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम वापरत असतील, तर ‘नोनेट’ हा पर्याय देऊन बाहेरची वाट बंदच करावी.

पायरी ४: जावाची मेमरी, बेतानं

टूलकिट आणि एफओपी दोन्ही जावावर चालतात. काही सांगितलं नसेल तर जावा साधारणपणे मशीनच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंतच जाते. ८ जीबीच्या मशीनवर २ जीबी. मोठ्या पुस्तिकेला ती अपुरी पडली की जावा सतत जागा साफ करत बसते. लक्षण ठरलेलं आहे: लॉग पुढे सरकत नाही, प्रोसेसर मात्र पूर्ण भरलेला, आणि बऱ्याच वेळानं ‘आउट ऑफ मेमरी’ची चूक.

डिटा टूलकिटसाठी अँट ऑप्ट्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एक्सएमएक्सचा, म्हणजे कमाल मेमरीचा, आकडा ४ जीबी द्या. ८ जीबीच्या मशीनवर ७ देऊ नका. मग ऑपरेटिंग सिस्टिमला जागा उरत नाही, ती मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकू लागते आणि बिल्ड आधीपेक्षाही रेंगाळतं. ४ दिल्यावरही लक्षण तेच राहिलं, तर दुखणं पुढच्या पायरीत आहे. मेमरी विकत आणायला धावू नका.

पायरी ५: पेज-सिक्वेन्स तोडा

एफओपीच्या बाबतीत सर्वांत जास्त फरक इथेच पडतो, म्हणून जरा सविस्तर.

एक्सएसएल-एफओमध्ये पानं पेज-सिक्वेन्स नावाच्या गटांत असतात. एफओपी एक अख्खा गट मेमरीत धरतो, ओळी आणि पानं कुठे तुटावीत याचा हिशेब करतो आणि गट संपला की ती जागा मोकळी करतो. चाळीस पानांचे पंधरा गट असतील तर काम सुरळीत चालतं. सहाशे पानांचा एकच गट असेल तर सगळा भार एकदम डोक्यावर.

एकच गट होतो कसा? बहुतेक वेळा मॅपच्या रचनेमुळे. लेखकानं मॅपमध्ये सर्वांत वर ‘देखभाल पुस्तिका’ नावाचा एकच टॉपिक ठेवलेला असतो आणि सगळी प्रकरणं त्याच्या पोटात. टूलकिट सर्वांत वरच्या पातळीवरच्या टॉपिकला प्रकरण मानतं आणि प्रकरणागणिक एक गट करतं. इथे वर एकच टॉपिक, म्हणून गटही एकच. उपाय साधा आहे: बुकमॅप (पुस्तकासाठीचा मॅप) वापरा, पुस्तिकेचं नाव शीर्षकात न्या आणि प्रकरणं वरच्या पातळीवर आणा. मग टॉपिक डॉट एफओ उघडून ‘पेज-सिक्वेन्स’ हा टॅग किती वेळा सुरू होतो ते मोजा (‘पेज-सिक्वेन्स-मास्टर’ धरू नका). प्रकरणं बारा असतील तर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका वगैरे धरून बाराहून थोडे जास्त दिसले पाहिजेत.

‘पान १२ / ६००’ अशी एकूण पानसंख्या हेडरमध्ये असेल, तर तिच्याकडेही बघा. शेवटचं पान कितवं हे शेवटाशिवाय कळत नाही, त्यामुळे प्रत्येक पान त्या एका आकड्यासाठी ताटकळत राहतं. अनुक्रमणिकेची चार-पाच पानं अशी थांबली तर काही बिघडत नाही. सहाशे थांबली तर मेमरी भरते. ग्राहकाची अटच नसेल तर हा आकडा काढून टाका. अट असेल तर एफओपीला ‘कन्झर्व्ह’ हा पर्याय द्या. तो थांबलेली पानं डिस्कवर ठेवतो. वेग थोडा कमी होतो, पण बिल्ड मध्येच मरत नाही.

पायरी ६: तक्ते

सुट्या भागांची यादी म्हणजे नऊशे ओळींचा एकच तक्ता, असं दिसलं की थांबा. त्यावर ‘एकत्र ठेव’ची सक्ती असेल, म्हणजे कीप-टुगेदरची किंमत ‘ऑलवेज’ असेल, तर फॉर्मॅटरला पान तोडायला जागाच सापडत नाही. अशी सक्ती एकेका ओळीपुरती ठेवा, अख्ख्या तक्त्यावर नको. तक्ता यंत्राच्या भागांप्रमाणे तोडा: कन्व्हेयरचा वेगळा, सीलिंगचा वेगळा, पॅनेलचा वेगळा. दुरुस्तीवाल्यालाही भाग शोधायला तेच सोपं जातं.

स्तंभांची रुंदी तक्त्याच्या कॉलस्पेक या टॅगमध्ये ठरवून द्या. ‘ऑटो’ ठेवली की अँटेना हाउससारख्या विकतच्या फॉर्मॅटरला रुंदी ठरवण्यासाठी आधी पूर्ण तक्ता वाचावा लागतो. एफओपी ‘ऑटो’ पाळत नाही, फक्त लॉगमध्ये इशारे देत राहतो. तक्त्यात तक्ता घालणं शक्य तितकं टाळा.

पायरी ७: चित्रं

पुस्तिकेतली छायाचित्रं बहुधा कारखान्यात मोबाइलवर काढलेली असतात. ४००० बाय ३००० पिक्सेलचं छायाचित्र फाइलमध्ये ४ एमबीचं दिसतं, पण उलगडल्यावर मेमरीत ३६ एमबी घेतं: १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट. आता छपाईचा हिशेब करा. चित्र पानावर १६ सेंटीमीटर रुंद येणार असेल आणि ३०० डीपीआय पुरत असेल, तर १६ भागिले २.५४ गुणिले ३००, म्हणजे सुमारे १८९० पिक्सेल रुंदी लागते. तेवढ्यावर आणलेलं चित्र उलगडल्यावर ८ एमबीच घेतं. इमेजमॅजिकनं अख्खा फोल्डर एका आज्ञेत लहान करता येतो; फक्त मूळ चित्रांची प्रत आधी वेगळी ठेवा, कारण मोग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलच बदलते.

छायाचित्रं जेपेगमध्ये ठेवा. साधी जेपेग एफओपी न उलगडता जशीच्या तशी पीडीएफमध्ये घालतो. स्क्रीनशॉट पीएनजीत चालतात, पण पारदर्शकतेचा थर काढून टाका. तो असला की चित्र उलगडून थर वेगळा करावा लागतो.

सावधानतेच्या पिवळ्या त्रिकोणाकडेही लक्ष द्या. तो पुस्तिकेत चारशे वेळा येतो. सगळीकडे एकाच फाइलकडे बोट असेल तर एफओपी ती एकदाच वाचतो. पण प्रत्येक प्रकरणाच्या फोल्डरमध्ये त्रिकोणाची स्वतंत्र प्रत असेल, तर त्याच्या लेखी ती वेगवेगळी चित्रं. असली चिन्हं एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा.

आणि कॅडमधून आलेली एसव्हीजी. दिसायला साधी रेखाकृती, पण आत लाखभर रेषा, लपवलेले थर, प्रत्येक स्क्रूचे आटे. एफओपी हे सगळं बॅटिक या एसव्हीजी रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरकडून रेखाटून घेतो आणि एकाच पानावर अडून बसतो. इंकस्केपमध्ये उघडून लपलेले थर काढा. तरी जड वाटली तर ६०० डीपीआयचं पीएनजी करून वापरा.

पायरी ८: फाँट, आणि देवनागरीचा खास मुद्दा

एफओपीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘ऑटो-डिटेक्ट’ असं लिहिलेलं असेल, तर तो मशीनवरचे सगळे फाँट धुंडाळतो. डिझाइनवाल्यांच्या मशीनवर असे शेकड्यानं असतात. ती ओळ काढा आणि लागणारे चार-सहा फाँटच एका फोल्डरमध्ये ठेवून त्याचा पत्ता द्या. फाँट कॅशे चालू राहू द्या, आणि बिल्डगणिक नवं मशीन उभं राहत असेल तर ती कॅशे फाइल जपून ठेवण्याची सोय करा.

वेग वाढवायचे पर्याय शोधताना एक सल्ला नक्की भेटतो: एफओपीचं जटिल लिपींचं काम ‘एनओसीएस’ या पर्यायानं बंद करा. इंग्रजी पुस्तिकेला ते चालतं, वेळही वाचतो. मराठी-कोकणीला कधीही लावू नका. ‘किल्ली’ शब्द घ्या. साठवताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. छापताना वेलांटी क च्या आधी यावी लागते आणि ल्ल चं जोडाक्षर व्हावं लागतं. हे काम १.१ आवृत्तीपासून एफओपीचा जटिल लिपींचा भागच करतो. तो बंद केला की वेलांटी क च्या मागे पडते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. यंत्राजवळ उभा असलेला कामगार ‘आणीबाणीची किल्ली’ वाचायला अडखळला तर त्या पुस्तिकेचा उपयोग नाही. तेव्हा इंग्रजीचं कॉन्फिगरेशन वेगळं, देवनागरीचं वेगळं.

फाँटमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी एफओपी # छापतो आणि लॉगमध्ये ‘ग्लिफ नॉट अव्हेलेबल’ लिहितो. बहुधा शीर्षकाला इंग्रजी फाँट लागलेला असतो आणि मजकूर देवनागरी असतो. नोटो सान्स देवनागरी शीर्षकालाही लावा.

पायरी ९: एक्सएसएलटी आणि तयारी

मोजणीत वेळ इथे सापडला तरच या पायरीवर या. टूलकिटमध्ये एक्सएसएलटी चालवणाऱ्या सॅक्सन या प्रोग्रामला ‘टीपी’ पर्याय दिला की कोणत्या टेम्प्लेटवर किती वेळ गेला याचा तक्ता मिळतो. पहिल्या दोन-तीन नोंदीच बघा. गुन्हेगार बहुतेक दुहेरी तिरक्या रेघेनं सुरू होणारा शोध असतो: प्रत्येक दुव्यासाठी अख्खा दस्तऐवज सुरुवातीपासून पालथा घातला जातो. तिथे एक्सएसएल-की, म्हणजे आयडींची सूची, करून आयडीवरून थेट पोचा. दुवे हजार असतील तर मिनिटांची सेकंदं होतात.

तयारीसाठी डिटा टूलकिटच्या ३.६ आवृत्तीपासून ‘पॅरलल’ आणि मेमरीतच काम करण्याचा ‘स्टोअर-टाइप’ असे दोन पर्याय आहेत. स्वतःचे प्लगइन असतील तर दुसरा जपून वापरा; फाइल डिस्कवर असणारच असं धरून लिहिलेला प्लगइन मोडतो.

पायरी १०: तीन भाषा कशा चालवायच्या

तिन्ही बिल्ड एकदम सुरू करण्याचा मोह होतो. ८ जीबीच्या मशीनवर प्रत्येकी ४ जीबीचे तीन जावा म्हणजे १२ जीबी, तिन्ही रखडतात. एकामागोमाग एक चालवा.

उलट, लहान लहान वीस पीडीएफ काढायच्या असतील तर प्रत्येकीसाठी नवा जावा उठवू नका. पोदेर (पाव भाजणारा) एका पावासाठी भट्टी तापवत नाही. एकदा तापली की घाणामागून घाणा निघतो. जावाही तशीच: सुरुवातीचे काही सेकंद ती सावकाश असते, मग वेग घेते. एफओपी जावा प्रोग्राममधून वापरत असाल तर फॉप-फॅक्टरी एकदाच तयार करून सगळ्यांना तीच द्या, म्हणजे फाँट आणि चित्रांची कॅशेही टिकते.

आणि लिहिता-लिहिता तपासण्यासाठी पूर्ण पुस्तिका काढायची गरज नसते. त्या एका प्रकरणाचा छोटा मॅप करून ठेवा. इतर प्रकरणांकडे जाणारे दुवे तुटल्याचे इशारे येतील, ते तेवढ्यापुरते सोडून द्या.

पाठवण्याआधी

वेग वाढवल्यावर जुनी आणि नवी पीडीएफ शेजारी-शेजारी उघडा. पानांची संख्या जुळते का ते बघा. दोन-चार पानांचा फरक तक्ते तोडल्यामुळे असू शकतो, तीसचा असेल तर काहीतरी गळलंय. पीडीएफमध्ये # शोधा. अनुक्रमणिकेतले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे दुवे दाबून पाहा. सर्वांत बारीक रेषांची आकृती कागदावर छापून घ्या, कारण लहान केलेल्या चित्रातले आकडे पडद्यावर मोठे करून वाचता येतात, कागदावर नाही. मराठी आणि कोकणी प्रतींत ‘किल्ली’, ‘विद्युत’, ‘दुरुस्ती’ असे वेलांटी-जोडाक्षरांचे शब्द मुद्दाम शोधून डोळ्यांनी वाचा. हे सगळं जुळलं की नवी कॉन्फिगरेशन फाइल, तारीख आणि मोजलेल्या वेळा प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा.